वाढीव वेतन आणि महागडे शहर : कामण परिसराच्या संदर्भात स्थलांतराच्या लाभ-हानीचे आर्थिक विवेचन

सारांश

अधिक वेतनासाठी अधिक महागड्या शहरात वास्तव्य हलविणे कितपत हितावह ठरते, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. पालघर जिल्ह्यातील वसई तालुक्यातील कामण हे गाव त्यासाठी संदर्भ म्हणून घेतले आहे. मुंबईच्या परिघावरील अशा गावातील तरुणापुढे गावातच नोकरी, रोजची ये-जा आणि शहरात बिऱ्हाड असे तीन पर्याय असतात. या पर्यायांची तुलना केवळ वेतनाच्या आकड्यांवरून करणे दिशाभूल करणारे आहे. शिल्लक, वेळ, कालावधी, कौटुंबिक परिस्थिती आणि घरमालकी या पाच निकषांवर ती केली पाहिजे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : स्थलांतर, वास्तव वेतन, घरभाडे, दैनंदिन प्रवास, समतोल वेतन, दुहेरी संसार.

१. प्रस्तावना

पदवीच्या अंतिम वर्षातील विद्यार्थी अर्थशास्त्राच्या शिक्षकाला जे प्रश्न विचारतात, त्यांपैकी बहुतेक प्रश्न परीक्षेचे असतात. एक प्रश्न मात्र दरवर्षी वेगळ्या तोंडून तोच येतो : "सर, इथे अठरा हजार मिळतात, मुंबईत अठ्ठावीस देतात, जावे का?" हा प्रश्न वरवर वजाबाकीचा वाटतो. प्रत्यक्षात त्यात घर, कुटुंब, आयुष्यातील काही वर्षे आणि गावातील जमिनीशी असलेले नाते या सर्वांचा हिशोब दडलेला असतो. चुकीच्या उत्तराची किंमत विद्यार्थी आणि त्याचे आईवडील मोजतात, म्हणून या प्रश्नाकडे गांभीर्याने पाहणे आवश्यक आहे.

कामण हे गाव या अभ्यासासाठी विशेष उपयुक्त आहे. एका बाजूस तुंगारेश्वरचा डोंगर व अभयारण्य, कामणदुर्गाचा कडा, भातशेती आणि आदिवासी पाडे. दुसऱ्या बाजूस चिंचोटी-कामण-भिवंडी रस्त्यालगतचे औद्योगिक गाळे, कारखाने व गोदामे, अशी या परिसराची रचना आहे. चिंचोटी येथे हा रस्ता मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्गास मिळतो. वसई-दिवा लोहमार्गावर 'कामण रोड' हे स्थानक आहे. तथापि या मार्गावर पश्चिम रेल्वेप्रमाणे मिनिटामिनिटाला लोकल नाही, मोजक्याच प्रवासी गाड्या धावतात. म्हणजे मुंबई जवळ आहे, पण सहज हाती लागणारी नाही. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा निर्माण झाला. या दोन घटनांनी प्रशासन जवळ आले. नोकरीसाठी दक्षिणेकडे पाहण्याची सवय मात्र बदलली नाही.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व मर्यादा

(अ) वेतन आणि वास्तव वेतन यांतील भेद स्पष्ट करणे. (ब) कामणसारख्या गावातील व्यक्तीपुढील पर्यायांची तुलना करण्याची सोपी रीत मांडणे. (क) स्थलांतराचा लाभ कोणास होतो व कोणास होत नाही, याची कारणमीमांसा करणे.

प्रस्तुत लेख विवेचनात्मक आहे. त्यातील कौटुंबिक हिशोबाचे आकडे रीत समजावी म्हणून गृहीत धरलेले आहेत. ते सर्वेक्षणातून आलेले नाहीत. वाचकाने त्या जागी स्वतःचे आकडे घालावेत, हीच अपेक्षा आहे.

३. सैद्धांतिक पार्श्वभूमी

स्थलांतराचा निर्णय ही एक गुंतवणूक आहे, अशी मांडणी लॅरी स्यास्ताद यांनी १९६२ मध्ये केली. आज खर्च करावयाचा आणि त्याचा परतावा पुढील वर्षांत मिळवावयाचा, असे या निर्णयाचे स्वरूप असते. खर्चात केवळ सामान हलविण्याचा खर्च येत नाही. ओळखीच्या माणसांपासून दुरावण्याची किंमतही त्यात धरावी लागते.

जॉन हॅरिस व मायकेल टोडारो यांनी १९७० मध्ये आणखी एक मुद्दा पुढे आणला. माणूस शहरातील प्रत्यक्ष वेतनाकडे पाहून येत नाही, तो 'अपेक्षित' वेतनाकडे पाहून येतो. अपेक्षित वेतन म्हणजे वेतन गुणिले नोकरी मिळण्याची शक्यता. शहरात तीस हजारांची नोकरी मिळण्याची शक्यता निम्मी असेल, तर तिचे अपेक्षित मूल्य पंधरा हजारच होय. नेमणूकपत्र हाती असलेला आणि 'जाऊन बघू' म्हणणारा, या दोघांचा हिशोब म्हणून वेगळा आहे.

तिसरा विचार शर्विन रोझेन (१९७९) व जेनिफर रोबॅक (१९८२) यांचा. महागड्या शहरातील जास्त वेतन हे पुष्कळ अंशी तेथील महागाईचीच भरपाई असते, आणि शहर जितके सोयीचे तितकी घरे महाग होतात. या विचारानुसार वेतनातील फरक आणि घरभाड्यातील फरक एकमेकांस छेदून जातात. सामान्य माणसाच्या हाती निव्वळ लाभ फारसा उरत नाही. लाभ उरतो तो ज्याच्या कौशल्याला त्या शहरात विशेष मागणी आहे त्याला, किंवा ज्याचे तेथे आधीच घर आहे त्याला.

या निष्कर्षास पुष्टी देणारा अभ्यास पीटर गॅनाँग व डॅनियल शोग यांनी २०१७ मध्ये अमेरिकेसंबंधी प्रसिद्ध केला. श्रीमंत प्रांतात गेलेल्या वकिलाला घरखर्च वजा जाताही लाभ उरतो. सफाई कामगाराचा लाभ मात्र घरभाडेच गिळून टाकते, असे त्यांना आढळले. यामागील कारण जुने आहे. बर्लिनमधील कुटुंबांच्या अभ्यासावरून हेरमान श्वाबे यांनी १८६८ मध्येच दाखविले होते की, उत्पन्न जितके कमी तितका त्यातील घरभाड्याचा वाटा मोठा असतो. सबब घरभाडे वाढले की त्याची झळ अल्पवेतनी माणसालाच अधिक बसते.

४. महागाई मोजण्यातील एक सार्वत्रिक चूक

दोन शहरांतील महागाईची तुलना करताना ग्राहक किंमत निर्देशांकाचा आधार घेण्याची चूक विद्यार्थीच नव्हे, तर जाणते लोकही करतात. कामगार मंत्रालयाच्या अखत्यारीतील लेबर ब्युरो औद्योगिक कामगारांसाठी केंद्रनिहाय निर्देशांक प्रसिद्ध करतो. २०२० मध्ये अमलात आलेल्या मालिकेचे आधारवर्ष २०१६ आहे. आधारवर्षी प्रत्येक केंद्राचा निर्देशांक १०० धरलेला असतो. म्हणजे २०१६ साली मुंबईही १०० आणि एखादे लहान औद्योगिक केंद्रही १००. हा निर्देशांक त्या-त्या ठिकाणी किमती कालौघात किती वाढल्या ते सांगतो. एक ठिकाण दुसऱ्यापेक्षा किती महाग आहे ते तो सांगत नाही. लहान गावाचा निर्देशांक मुंबईपेक्षा जास्त असला, तरी ते गाव मुंबईपेक्षा महाग ठरत नाही.

राहणीमानाच्या पातळीतील अंतराची काही कल्पना पारिवारिक उपभोग खर्च सर्वेक्षणातून येते. २०२३-२४ च्या सर्वेक्षणानुसार भारतात दरडोई मासिक उपभोग खर्च ग्रामीण भागात ४,१२२ रुपये, तर नागरी भागात ६,९९६ रुपये होता. एकूण खर्चातील अन्नाचा वाटा ग्रामीण भागात सुमारे ४७ टक्के आणि नागरी भागात सुमारे ४० टक्के होता. येथेही सावधगिरी हवी. खर्च अधिक याचा अर्थ उपभोग अधिक असाही असू शकतो. ज्याचे गावी स्वतःचे घर आहे, घरचे तांदूळ आहेत आणि परसात भाजी आहे, त्याचे पुष्कळसे उत्पन्न रोखीत दिसतच नाही. शहरात गेल्यावर हेच अदृश्य उत्पन्न सर्वप्रथम नाहीसे होते आणि त्याची प्रत्येक बाब पैसे मोजून घ्यावी लागते.

५. शासनाचे उत्तर : खाडीच्या अलीकडे आणि पलीकडे

महागड्या शहरासाठी किती जास्त वेतन द्यावे, या प्रश्नाला शासनाने स्वतःच्या कर्मचाऱ्यांपुरते उत्तर दिलेले आहे. ते घरभाडे भत्त्याच्या रूपाने आढळते. केंद्र शासनाने शहरांचे क्ष, य व झ असे तीन वर्ग केले आहेत. सातव्या वेतन आयोगानंतर भत्त्याचे दर मूळ वेतनाच्या अनुक्रमे २४, १६ व ८ टक्के ठेवण्यात आले. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर पोहोचल्यावर, म्हणजे जानेवारी २०२४ पासून, ते ३०, २० व १० टक्के झाले. बृहन्मुंबईचा नागरी समूह 'क्ष' वर्गात आहे. २०११ च्या जनगणनेत सुमारे १२.२२ लाख लोकसंख्या असलेले वसई-विरार मात्र या समूहाबाहेरचे स्वतंत्र शहर गणले गेले आणि 'य' वर्गात आले. मीरा-भाईंदर 'क्ष' वर्गात, मधली खाडी ओलांडली की 'य' वर्ग.

मूळ वेतन ५७,७०० रुपये असलेला कर्मचारी घेतल्यास 'क्ष' वर्गात त्यास १७,३१० रुपये आणि 'य' वर्गात ११,५४० रुपये घरभाडे भत्ता मिळतो. फरक ५,७७० रुपयांचा. शासनाच्या लेखी मुंबईच्या महागाईची किंमत एवढी आहे. दोन ठिकाणच्या समान आकाराच्या घरभाड्यांतील प्रत्यक्ष फरक याहून किती अधिक आहे, हे भाड्याच्या घराचा शोध घेतलेल्या कोणासही ठाऊक असते.

येथे आणखी एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. हा भत्ता कर्मचारी कोठे राहतो यावरून ठरत नाही. तो कोठे नोकरी करतो, यावर त्याचा दर अवलंबून असतो. त्यामुळे मुंबईत नेमणूक असलेला कर्मचारी कामणला राहिल्यास त्यास भत्ता मुंबईचा व खर्च कामणचा, असा लाभ होतो. खासगी नोकरीतही तत्त्व हेच आहे. बोरीवली-विरार विभागाचे विद्युतीकरण १९३६ मध्ये झाले, २००७ मध्ये तेथे चौपदरी मार्ग झाला आणि एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी सेवा डहाणू रोडपर्यंत पोहोचली. मुंबईचे वेतन व मुंबईबाहेरचे घर यांची सांगड या लोहमार्गाने घातली. वसई, नालासोपारा व विरार यांची वाढ प्रामुख्याने या सांगडीतून झाली आहे.

प्राप्तिकराचाही विचार हवा. जुन्या करप्रणालीत घरभाडे भत्त्यावर करसवलत मिळते. नव्या करप्रणालीत ती मिळत नाही. त्यामुळे दोन नोकऱ्यांची तुलना करताना कर वजा जाऊन हाती येणारी रक्कमच विचारात घ्यावी. वार्षिक 'पॅकेज'चा आकडा त्यासाठी उपयोगाचा नाही.

६. तीन पर्यायांचा हिशोब

कामणमधील एक अविवाहित वाणिज्य पदवीधर गृहीत धरू. घर स्वतःचे आहे. परिसरातील कारखान्याच्या कार्यालयात त्यास १८,००० रुपये मिळू शकतात. अंधेरीस २८,००० रुपये. महिन्यातील कामाचे दिवस २५ आहेत.

तक्ता क्र. १ : मासिक उत्पन्न-खर्चाचा उदाहरणादाखल हिशोब (रुपयांत)

| बाब | कामणमध्येच नोकरी | अंधेरीस रोज ये-जा | अंधेरी परिसरात बिऱ्हाड |
|---|---|---|---|
| हाती येणारे वेतन | १८,००० | २८,००० | २८,००० |
| घरभाडे (भागीदारीतील खोलीचा वाटा) | ० | ० | ९,००० |
| खाणे | ३,५०० | ५,००० | ६,५०० |
| प्रवास | ६०० | २,४०० | ९०० |
| वीज, फोन व इतर | १,५०० | १,८०० | २,६०० |
| गावी ये-जा व अनामत रकमेचे व्याज | ० | ० | १,२०० |
| एकूण खर्च | ५,६०० | ९,२०० | २०,२०० |
| शिल्लक | १२,४०० | १८,८०० | ७,८०० |
| प्रवासाचे मासिक तास | १२.५ | १०० | २५ |

या तक्त्यावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात.

पहिली गोष्ट, वेतनात दहा हजारांची वाढ होऊनही बिऱ्हाड करणाऱ्याची शिल्लक गावात राहणाऱ्यापेक्षा ४,६०० रुपयांनी कमी आहे. गावातील शिल्लक शहरातही टिकवावयाची असल्यास त्यास ३२,६०० रुपये वेतन हवे. यास 'समतोल वेतन' म्हणता येईल. ज्या वेतनावर दोन्हीकडची शिल्लक सारखी होते, ते समतोल वेतन होय. प्रस्तावित वेतन याहून कमी असेल, तर निदान पहिल्या वर्षी हे स्थलांतर तोट्याचे आहे, हे समजूनच निर्णय घ्यावा.

दुसरी गोष्ट, रोजची ये-जा सर्वांत फायदेशीर दिसते; परंतु तक्त्याची शेवटची ओळ वाचल्याशिवाय तो निष्कर्ष काढू नये. गावातील नोकरीच्या तुलनेत ये-जा करणारा ६,४०० रुपये अधिक राखतो आणि त्यासाठी ८७.५ तास अधिक खर्च करतो. म्हणजे तासाला सुमारे ७३ रुपये. गावातील नोकरीत दिवसाचे नऊ तास धरल्यास त्याच्या श्रमाचा दर तासाला ८० रुपये पडतो. गाडीत उभे राहून घालविलेल्या तासाला कामाच्या तासापेक्षाही कमी मोल मिळते. कामणच्या बाबतीत अडचण अशी की, वसई रोड स्थानकापर्यंतचे सुमारे दहा किलोमीटर अंतर बस किंवा रिक्षाने काटावे लागते. लोकल वेळेवर असली तरी हा पहिला टप्पा बेभरवशाचा असतो, आणि पावसाळ्यात अधिकच.

तिसरी गोष्ट, ये-जा टाळण्यासाठी बिऱ्हाड केल्यास महिन्याचे ७५ तास वाचतात आणि शिल्लक ११,००० रुपयांनी घटते. एक तास वाचविण्याची किंमत सुमारे १४७ रुपये पडली. हे तास शिक्षणासाठी, स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी किंवा अधिक कौशल्यासाठी वापरले जात असतील, तरच ही किंमत समर्थनीय ठरते.

७. कालावधीचा विचार

एका वर्षाचा हिशोब अपुरा आहे. शहराचे खरे आकर्षण पहिल्या पगारात नसून पुढील वाढीत असते. मोठ्या शहरात एकाच व्यवसायातील अनेक आस्थापना जवळजवळ असतात. एक नोकरी सोडून दुसरी धरता येते, अनुभव वाढतो आणि त्यानुसार वेतनही.

वरील उदाहरणात गावातील वेतन दरवर्षी ४ टक्क्यांनी, शहरातील १० टक्क्यांनी आणि दोन्हीकडचा खर्च ६ टक्क्यांनी वाढतो असे मानू. पहिली चार वर्षे शहरवासीयाची मासिक शिल्लक गाववासीयापेक्षा कमी राहते. या काळात साचलेली एकूण तूट सुमारे १ लाख २४ हजार रुपयांची होते. पाचव्या वर्षी शहरातील शिल्लक पुढे जाते आणि सातव्या वर्षाअखेर मागील सर्व तूट भरून निघते. त्यानंतर अंतर वेगाने वाढत जाते. याउलट शहरातील वेतनवाढही ६ टक्केच असेल, तर सातव्या वर्षीही शहरवासीय मागेच राहतो.

यावरून महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. 'किती देतात?' यापेक्षा 'पुढे किती वाढेल?' हा प्रश्न अधिक निर्णायक आहे. सुरक्षारक्षक, माल पोहोचविणारा कर्मचारी किंवा दुकानातील विक्रेता यांच्या कामात अनुभवाने वेतन फारसे वाढत नाही. लेखापाल, परिचारिका, यंत्रदुरुस्तीचा कुशल कारागीर किंवा संगणक क्षेत्रातील कर्मचारी यांच्या बाबतीत वाढीची शक्यता अधिक असते. एकाच गल्लीतून, एकाच वेतनावर गेलेल्या दोन तरुणांपैकी एकाचे स्थलांतर म्हणून यशस्वी होते आणि दुसऱ्याचे फसते.

८. गिरणगावाचा धडा

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर आदी भागांतून मुंबईच्या कापड गिरण्यांत आलेल्या कामगारांनी त्याचे स्वतःच्या पद्धतीने उत्तर शोधले होते. मुंबईतील कामगारांच्या घरांच्या दुरवस्थेचे वर्णन बर्नेट-हर्स्ट यांच्या १९२५ च्या ग्रंथात आढळते. संपूर्ण कुटुंब तेथे आणणे बहुतेकांना परवडत नव्हते. सबब पुरुषाने मुंबईत एकाच खोलीत अनेकांसोबत राहावे, खानावळीत जेवावे आणि मनीऑर्डरने पैसे गावी पाठवावेत. बायको, मुले व वृद्ध आईवडील यांनी गावची शेती व घर सांभाळावे, अशी व्यवस्था रूढ झाली. वेतन महागड्या शहराचे आणि कुटुंबाचा खर्च स्वस्त गावाचा, हे त्या व्यवस्थेचे मर्म होते.

या व्यवस्थेची किंमत स्त्रियांनी मोजली. गावी राहिलेल्या स्त्रीवर शेती व संसार यांचा दुहेरी भार पडला. मुंबईत खानावळ चालविणाऱ्या स्त्रीच्या श्रमांवर गिरणी कामगाराचा स्वस्त मुक्काम उभा होता. या खानावळवाल्या स्त्रियांना संघटित करण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. त्यानंतर या श्रमांकडे सार्वजनिक जीवनाचे लक्ष गेले.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. वेतन थांबले तेव्हा ज्यांचे गावी घर व शेती होती, ते गावी परतून तग धरू शकले. ज्यांचे गावाशी नाते तुटले होते, त्यांच्यापुढे तो मार्ग नव्हता. गावचे घर हा भावनेचा विषय आहेच. शिवाय ते एक प्रकारचे विमापत्रही आहे, हा या इतिहासाचा धडा होय. शहरातील घराची अनामत भरण्यासाठी गावची जमीन विकणारा तरुण हे विमापत्रच मोडीत काढतो.

९. कामण : उगमही आणि गंतव्यही

आतापर्यंत कामण हे माणसे बाहेर पाठविणारे गाव मानले. ते चित्र अर्धेच आहे. परराज्यांतून आलेल्या कामगारांच्या दृष्टीने येथील कारखाने व गोदामे हेच 'जास्त पगाराचे ठिकाण' आहे. त्यांच्यासाठी येथे भाड्याच्या चाळी उभ्या राहिल्या आहेत. पालघर जिल्ह्यातीलच जव्हार, मोखाडा या तालुक्यांतून आदिवासी कुटुंबे पावसाळा संपल्यावर वसई-भिवंडी पट्ट्यातील वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर येतात. त्यांचे स्थलांतर हंगामी असते. कामाच्या जागीच झोपडी असल्याने त्यांना भाडे पडत नाही; परंतु आगाऊ घेतलेली उचल फेडण्यात हंगाम जातो आणि मुलांच्या शाळेचे वर्ष हातचे सुटते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या 'एक देश, एक रेशनकार्ड' योजनेमुळे शिधा दुसऱ्या ठिकाणी घेण्याची सोय झाली, ही स्वागतार्ह बाब आहे. शाळेच्या बाबतीत तेवढी सुलभता अद्याप आलेली नाही. या कुटुंबांच्या बाबतीत 'परवडते का?' हा प्रश्न निवडीचा नसून नाइलाजाचा असतो, हे भान अभ्यासकाने ठेवले पाहिजे.

मुंबईचे वेतन व परिघावरील घर यांच्या सांगडीचा लाभही कायम टिकत नाही. स्वस्त घराच्या शोधात माणसे जेथे येतात, तेथील जमीन हळूहळू महाग होते. प्रवास जितका सुलभ, तितके जमिनीचे मोल अधिक, हा नियम विल्यम अलोन्सो यांनी १९६४ मध्ये मांडला. वसई स्थानकालगतची घरे या नियमाने पूर्वीच महागली. आता तोच दाब पूर्वेकडील गावांवर येत आहे. या वाढीचा लाभ जमीनधारकास होतो. भाडेकरूस आणि ज्याच्या नावावर जमीनच नाही अशा पाड्यावरील कुटुंबास मात्र आपल्याच गावात महागाई सोसावी लागते. त्यांनी स्थलांतर केलेले नसते, महागडे शहरच त्यांच्या दारात आलेले असते.

१०. निर्णयाचे निकष

उपरोक्त विवेचनाच्या आधारे निर्णय घेणाऱ्याने स्वतःस पुढील पाच प्रश्न विचारावेत.

१) शिल्लक : कर, भाडे, खाणे, प्रवास व गावी पाठवावयाची रक्कम वजा जाता हाती काय उरते? प्रस्तावित वेतन समतोल वेतनापेक्षा अधिक आहे काय?

२) वेळ : प्रवासात जाणाऱ्या तासाला किती मोल मिळते? वाचलेल्या तासांचा काही निश्चित उपयोग आहे काय?

३) कालावधी : या कामात पाच-सात वर्षांत वेतन कितपत वाढते? त्याच क्षेत्रात आधी गेलेल्या तिघा-चौघांना विचारून ही माहिती मिळविता येते.

४) कुटुंब : विवाहानंतर भागीदारीची खोली पुरणार नाही. पती-पत्नी दोघांनाही शहरात नोकरी मिळणार असेल, तर हिशोब पालटतो. एकाची नोकरी सुटणार असेल, तर दुसऱ्याच्या वाढीव वेतनातून ती वजा करावी लागते. घरी वृद्ध आईवडील असल्यास त्यांच्या देखभालीचा खर्चही धरावा.

५) घरमालकी : गावचे घर व जमीन टिकवून जाता येईल काय? शहरात सामान्यतः अकरा महिन्यांचा करार, अनामत रक्कम आणि दलाली यांची तरतूद करावी लागते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अन्वये असा करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. नोंदणी टाळून भाडेकरूने स्वतःचे संरक्षण गमावू नये.

११. निष्कर्ष

अधिक वेतनासाठी महागड्या शहरात जाणे सर्वांसाठी लाभदायक नाही आणि सर्वांसाठी तोट्याचेही नाही. ज्याच्या कामात अनुभवाने वेतन वाढते, ज्याच्या हाती निश्चित नेमणूक आहे, ज्याला पहिल्या चार-पाच वर्षांची तूट सोसता येते आणि ज्याचे गावचे घर शाबूत राहते, त्याच्यासाठी हे स्थलांतर योग्य गुंतवणूक ठरते. ज्याचे वेतन दहा वर्षांनीही जवळपास तेवढेच राहणार आहे, त्याचा वाढीव पगार घरमालकाच्या खिशात जातो; त्याने गावातील वा परिसरातील नोकरी कमी लेखू नये.

हा प्रश्न केवळ व्यक्तीच्या शहाणपणाचा मानणेही योग्य होणार नाही. वसई-दिवा मार्गावर गर्दीच्या वेळी अधिक गाड्या, कामण रोड ते वसई रोड असा भरवशाचा जोडप्रवास, शहरात नोकरदार स्त्रियांसाठी पुरेशी वसतिगृहे, अल्पवेतनी कामगारांसाठी भाड्याची परवडणारी घरे आणि परिसरातील उद्योगांत स्थानिक पदवीधरांना बढतीची संधी, या गोष्टी झाल्यास तक्ता क्र. १ मधील आकडे बदलतील. दिवसाचा एक तास वाचला तरी महिन्याला पंचवीस तास तरुणांच्या हाती परत येतील.

वर्गात विचारल्या जाणाऱ्या त्या प्रश्नाला म्हणून एका शब्दात उत्तर देता येत नाही. विद्यार्थ्याने प्रथम कागद घ्यावा, तीन रकाने आखावेत आणि प्रवासाच्या तासांची ओळ शेवटी न विसरता लिहावी. त्यानंतर जाण्याचा वा राहण्याचा जो निर्णय होईल, तो त्याचा स्वतःचा आणि डोळस असेल.